जाते, ओवी आणि संगणक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या सभेत मी चहाचे कप मोजण्यापलीकडे काही केले नाही. परंतु चिटणीसबाईंनी आज्ञा केली आणि ती मोडणे मला बरे वाटले नाही. तेव्हा जसे जमेल तसे सांगते. चुकले तर घरची समजून सांभाळून घ्यावे.

गेल्या नागपंचमीला आपण देवळापुढच्या पटांगणात फेर धरला, तेव्हा खेळ सुरू होण्यापूर्वी कर्ण्यावर एक ओवी लागली होती, ती तुम्हांला आठवत असेल. आधी जात्याची घरघर, मग एका म्हातारीचा आवाज, आणि त्याच्या मागे हळूच तुणतुण्यासारखा एक सूर. पुष्कळजणींनी मला विचारले, ही रेकॉर्ड कुठल्या कंपनीची? ती कुठल्याच कंपनीची नव्हे. आवाज आमच्या सासूबाईंचा, जाते आमच्या पडवीतले, आणि मागचा सूर मी घरच्या संगणकावर तयार केलेला. हे ऐकून काहीजणी हसल्या, काहींना ती थाप वाटली. म्हणून आज ही विद्या मी कशी शिकले, त्यात काय कमावले आणि काय गमावले, ते सांगावयाचे ठरवले आहे.

सव्वा वर्षापूर्वीची, मार्गशीर्षातली गोष्ट. आमचा थोरला मुलगा चाकणला नोकरीला लागला. त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना घरी आणून टाकला. आमचे हे म्हणाले, “भंगारवाला आला की देऊन टाक.” मी तो पदराने पुसून फडताळात ठेवला. त्याच सुमारास सासूबाईंना खोकल्याने धरले. वय ऐंशीच्या घरात. दळण गिरणीतून येते, पण हुलगे-उडीद भरडायला आणि सणाला मूठभर पीठ काढायला त्या अजून जात्यावर बसत. खुंट्याला हात लागला की ओवी आपोआप तोंडात यायची. माहेरची, भावाची, शिवनेरीची, ओझरच्या गणपतीची, पंढरीच्या वाटेची. त्यांना किती ओव्या येतात याची मोजदाद त्यांनाही नव्हती.

खोकल्याच्या आजारात एके रात्री त्या मला म्हणाल्या, “सूनबाई, माझ्या मागं ह्या ओव्या कोण म्हणणार गं?” मी काही बोलले नाही. मला त्यातल्या दहा-पंधराच येतात. वहीत शब्द उतरवता येतात, पण चाल कशी उतरवायची? तेव्हा फडताळातला लॅपटॉप आठवला.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याला म्हटले, “मला यात आवाज धरायला शिकव.” तो हसला. “अगं आई, सगळं इंग्रजीत आहे.” मी म्हटले, “शिलाई मशीनवरची अक्षरं कुठं मराठीत होती?” मग त्याने ऑडॅसिटी नावाचा एक प्रोग्राम घालून दिला. तो फुकट मिळतो. 2000 सालापासून तो लोकांसाठी खुला आहे, आणि आज जगभरची माणसे तो वापरतात. मी एक वही केली आणि तीत चित्रे काढली. लाल गोल म्हणजे आवाज धरणे. हिरवा त्रिकोण म्हणजे ऐकणे. चौकोन म्हणजे थांबणे. कंट्रोल आणि झेड ही दोन बटणे एकदम दाबली की केलेली चूक मागे घेता येते. ही सोय संसारात नाही, एवढे मात्र मनात आले.

आता आवाज संगणकात जातो म्हणजे काय होते, ते मला समजले तसे सांगते. आपण सगळ्याजणी 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला खोडदला गेलो आहोत. तिथल्या दुर्बिणीच्या 30 मोठ्या तबकड्या आपल्या शिवारातूनही दिसतात, एकेक 45 मीटर रुंद. आकाशातून येणाऱ्या लहरी त्या तबकड्या धरतात आणि संगणक त्यांचे आकडे करतो, असे तिथल्या लोकांनी आपल्याला समजावले होते. माइकही असेच करतो, फक्त आकाशातल्या लहरींऐवजी हवेतल्या. आपण बोललो की हवा हलते. ती किती हलली याचे माप संगणक एका सेकंदात 44,100 वेळा घेतो आणि आकडे लिहून ठेवतो. परत ऐकवताना तेच आकडे वाचून कर्ण्याचा पडदा हलवतो. एका मिनिटाच्या आवाजाला, डावा-उजवा दोन्ही धरून, दहा मेगाबाइटच्या वर जागा लागते. ही आकड्यांची रास पडद्यावर नागमोडी रेघेसारखी दिसते. जिथे आवाज मोठा तिथे रेघ फुगते, जिथे गप्प तिथे बारीक होते. पाहता पाहता मला सासूबाईंचा श्वाससुद्धा त्या रेघेत ओळखू येऊ लागला.

पहिली मोठी चूक इथेच झाली, आणि ती सांगितल्याशिवाय या भाषणाला अर्थ नाही.

पौषातली पहाट होती. पहाटेच का, तर तेव्हा ट्रॅक्टर नसतो, पाण्याची मोटर बंद असते. दारे-खिडक्या मात्र लावून घेतल्या होत्या, कारण उसातला बिबट्या आपल्याला कोणालाच नवा नाही. सासूबाईंना त्या दिवशी बरे वाटत होते. जात्यावर बसल्या आणि दीड तास उठल्या नाहीत. त्यांचा एक भाऊ लहानपणी विहिरीत पडून गेला. त्याच्यावरच्या ओव्या त्यांनी म्हटल्या. लग्न होऊन मला तेवीस वर्षे झाली, पण त्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी लाल गोल दाबून भिंतीला टेकून बसले होते आणि डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

त्या उठल्यावर मी हिरवा त्रिकोण दाबला. कानांवर आले ते भांडे घासल्यासारखे काहीतरी. आवाज सगळा फाटला होता.

मी माइक जवळ ठेवला होता आणि आवाज धरण्याचे माप पूर्ण चढवून ठेवले होते. जास्त ऐकू यावे म्हणून. मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आई, माप भरून वर गेलं की आवाज कापला जातो. ते परत आणता येत नाही.” हे मी नंतर माझ्या परीने समजून घेतले. मापट्यात धान्य भरताना वर जास्त झाले तर ते खाली सांडते, पण वेचून घेता येते. संगणकाच्या मापट्यातून सांडलेला आवाज जमिनीवर पडत नाही. तो कुठेच नसतो. म्हणून मापटे कधी काठोकाठ भरू नये. पडद्यावर आवाजाची पट्टी असते. ती सगळ्यात मोठ्या आवाजालाही टोकापासून चांगली मागे राहील असे बघावे. आकड्यांत सांगायचे तर उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान. कमी धरलेला आवाज पुढे वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. ही पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती, तांबडी होऊन मला सांगत होती, आणि मी तिच्याकडे न बघता रडत बसले होते.

सासूबाईंना सांगावे लागले. त्या म्हणाल्या, “त्यात काय, पुन्हा म्हणीन की.” आणि म्हटल्याही. दोन दिवसांनी बसल्या, आठवड्याने बसल्या. पण भावाच्या त्या ओव्या परत आल्या नाहीत. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाल्या, “त्या अशा बोलावून येत नाहीत गं बाई.”

त्यानंतर मी शिकायचे मनावर घेतले. रोज रात्रीची भांडी झाली की तासभर बसायची. आमचे हे म्हणत, “म्हातारपणी कॉलेज काढलं का?” पण मला काही अडले की शेजारच्या पोरांना तेच विचारून येत.

त्या वेळी शिकलेल्या लहानसहान गोष्टी सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडतील. आवाजात सारखी गुणगुण येत होती. ती विजेची निघाली. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, त्याचाच तो सूर. लॅपटॉपची वायर काढून बॅटरीवर चालवला की गुणगुण बंद. आमची बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, म्हणून तेवढ्यात काम उरकायचे. दुसरे, सुरुवातीला पाच-सात सेकंद कोणी बोलू नये. त्या शांततेत खोलीची जी सूक्ष्म सळसळ असते, ती प्रोग्रामला दाखवली की बाकीच्या आवाजातून तो ती कमी करतो. पण हे जपून करावे. मी एकदा जास्त केले तर सासूबाई पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारख्या वाटू लागल्या. तिसरे, मूळ आवाज वेव्ह प्रकारात ठेवावा. एमपीथ्री हलका असतो, फोनवर पाठवायला सोपा, पण तो हलका करताना कानाला सहसा न कळणारा भाग चाळून टाकलेला असतो. कोंडा एकदा चाळून टाकला की त्या पिठात परत येत नाही. म्हणून पाठवायला चाळलेला द्यावा, घरात न चाळलेला ठेवावा.

मग मला हाव सुटली. आवाज धरता आला, आता त्याला साथ द्यावी असे वाटले. नारायणगाव आपल्यापासून किती लांब? चैत्रात तिथे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाईंचे ते गाव. ढोलकीच्या फडात आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आला आहे. म्हणजे हे वाद्य आपल्या कानांना परके राहिलेले नाही, फक्त ते आपण बायांनी कधी हाती धरले नव्हते.

मुलाने एलएमएमएस नावाचा दुसरा फुकट प्रोग्राम घालून दिला. यात संगणक स्वतःच वाद्य होतो. पडद्यावर एका ओळीत 16 चौकटी असतात. एक ओळ ढोलाची, एक टाळाची, एक टाळीची. ज्या चौकटीवर टिचकी मारली तिथे तो ठोका पडतो, आणि 16 संपल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ही ठिपक्यांची रांगोळीच वाटली. सोळा ठिपके काढायचे आणि कुठले जोडायचे ते ठरवायचे. गती मिनिटाला किती ठोके ते आकड्याने सांगायची. 60 म्हटले की सेकंदाला एक.

सुरांचे तसेच. पट्टी कोणती, केव्हा दाबली, किती वेळ, किती जोरात, एवढेच संगणक लिहून ठेवतो. जोर मोजायला 0 ते 127 आकडे असतात. याला मिडी म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांचे कळावे म्हणून 1983 साली ही भाषा बाजारात आली. यात आवाज नसतो, नुसती कृती असते. पुरणपोळीची कृती वहीत लिहिली म्हणजे पोळी होत नाही, पण त्या कृतीवरून कोणीही आपल्या घरच्या डाळीची करू शकते. तसे एकच कृती पेटीला दिली तर पेटी वाजते, बासरीला दिली तर बासरी.

आणि वाद्याचा आवाजही घडवता येतो. अगदी गुळगुळीत लहर म्हणजे शिटीसारखा मऊ आवाज. करवतीच्या दात्यांसारखी लहर म्हणजे सनईसारखा धारदार. दोन-तीन लहरी एकत्र केल्या, कडा थोड्या बोथट केल्या, की नवे वाद्य तयार. तुम्ही जो तुणतुण्यासारखा सूर ऐकला तो असाच केला. त्यातही एक गंमत झाली. भजनी मंडळाची पेटी मागून आणली आणि सासूबाईंचा सूर कोणत्या पट्टीत आहे ते पाहिले. तो काळी पाचला लागेना, पांढऱ्या पट्टीलाही लागेना, मधेच कुठेतरी. संगणकात दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे 100 भाग करता येतात. तीस भाग खाली आल्यावर सूर जुळला. पेटी सासूबाईंकडे येऊ शकत नव्हती, संगणक आला.

ही विद्या फार जुनी नाही, आणि फार नवीही नाही. 1957 साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर संगणकाने 17 सेकंदांची एक सुरावट वाजवली. त्या काळचा संगणक खोलीभर असे. आपल्या देशात 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग नावाचे विजेवर सूर घडवणारे यंत्र बसवून दिले. त्यावर काम करणाऱ्यांत गीता साराभाई या बाई होत्या. त्या पखवाज शिकलेल्या होत्या. बाईने पखवाज शिकणे हेच त्या काळी नवल. आपल्या मुंबईत चरणजित सिंग हे सिनेसंगीतातले वादक होते. त्यांनी 1982 साली यंत्रांच्या ठोक्यावर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चकित झाले, की हे इतक्या आधी एका हिंदी माणसाने केले होते! ते 2015 साली वारले, पण आपले नाव झालेले पाहून गेले.

आणि सगळ्यांत आपल्या जवळची गोष्ट म्हणजे ओव्यांची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीपासून ते मराठवाड्यापर्यंत हजारांहून अधिक गावे, आणि ओव्या एक लाखाच्या वर. कित्येक ओव्यांचा आवाजही धरून ठेवला. त्या कामाला बर्नार्ड बेल हे फ्रेंच गृहस्थ येऊन मिळाले. यांनी 1980 नंतरच्या काळात लखनौच्या तबल्याचे बोल समजणारा संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. तबल्याचे कायदे समजणारा माणूस जात्यापाशी येऊन बसला, याचे मला फार कौतुक वाटले. हेमाताई आणि प्वातवँ आज नाहीत. त्यांनी जमवलेल्या ओव्या 2017 पासून ‘पारी’ या संग्रहात कोणालाही ऐकायला ठेवल्या आहेत. शिकलेली माणसे ज्या कामाला आयुष्य देतात, ते काम आपल्या पडवीत पडून आहे, हे मला त्यावरून कळले.

आता साथीची गोष्ट पुरी करते. मी ओवीच्या खाली 16 चौकटींचा ठेका घातला. ओवी ठोक्याच्या पुढे-मागे जात होती, म्हणून तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ओढून चौकटीला चिकटवला. आठ रात्री लागल्या. मुलाने फोनवर ऐकून शाबासकी दिली. एखाद्या लग्नातल्या गाण्यासारखे खणखणीत झाले होते. मोठ्या उत्साहाने सासूबाईंच्या कानाला लावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, “छान आहे. पण ही गिरणी झाली गं, जातं नव्हे.”

मला वाईट वाटले, रागही आला. दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. मग मूळ आवाज पुन्हा काढला आणि जात्याच्या फेऱ्यांकडेच बघत बसले. एका फेऱ्याला साधारण दोन सेकंद लागतात. पण दर थोड्या फेऱ्यांनी रेघेत एक अंतर मोठे दिसे. ते काय, हे मला आधी कळेना. मग मीच जात्यावर बसले तेव्हा कळले. वैरण घालायला एक हात सुटतो, तेव्हा दुसऱ्या एकट्या हाताने फेरा ओढावा लागतो. जाते मंद होते. आणि नेमकी त्याच ठिकाणी ओवीची ओळ लांबते, श्वास घेतला जातो. मूठभर धान्य आत गेले की जाते जड होते, आणि पुढची ओळ जरा जोराने येते. ओवीचा ताल हातातला आहे, धान्यातला आहे. संगणकाचा ठोका कोणासाठी थांबत नाही. त्याला ना वैरण घालायची असते, ना दम लागतो.

मग मी चौकटींना चिकटवण्याची सोय बंद केली. प्रोग्राममध्ये तसे बटण आहे. सगळे तुकडे टाकून दिले आणि अखंड ओवी पुन्हा घेतली. ढोल काढून टाकला. नुसता तुणतुण्याचा सूर ठेवला, आणि तोही जात्याच्या प्रत्येक फेऱ्यापाशी कानाने ऐकून हाताने बसवला. जिथे जाते मंद, तिथे सूरही मंद. तीन मिनिटांच्या ओवीला अकरा रात्री लागल्या. शेवटी सगळ्याला थोडा घुमारा दिला, आपण देवळाच्या गाभाऱ्यात बोलतो तेव्हा येतो तेवढाच. आमटीत मीठ घालतात तसा तो घालावा. जास्त झाला तर काढता येतो खरा, पण तोवर आपल्या जिभेची चव बिघडलेली असते. म्हणून रात्री केलेले काम सकाळी पुन्हा ऐकावे, असा मी नेम केला.

सासूबाईंनी हे ऐकले तेव्हा काही बोलल्या नाहीत. ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. तेव्हा मी समजले.

यावरून कोणी असे समजू नये की ठेका वाईट किंवा यंत्र वाईट. परवा माझ्या भाचीच्या हळदीसाठी मी त्याच 16 चौकटींवर गाणे केले आणि आम्ही साऱ्याजणी नाचलो. नाचायला न थांबणारा ठोका पाहिजेच. अजय-अतुल या भावांचे बालपण वडिलांच्या नोकरीमुळे जुन्नर-राजगुरुनगर भागात गेले. त्यांनी 2016 च्या ‘सैराट’साठी थेट अमेरिकेत हॉलिवूडला जाऊन मोठा वाद्यवृंद बसवला, तरी त्यातला झिंगाट ठेका आपल्या मातीचाच राहिला. सांगायचे एवढेच, की यंत्राला काय येते हे आधी शिकावे, आणि आपल्याला काय पाहिजे हे आपल्या कानाला विचारावे. कान आपले तयार आहेत. जात्याने, पाळण्याने, भजनाने तयार केले आहेत. त्याला शाळेचा दाखला लागत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. धरलेल्या ओव्यांपैकी कोणत्या कर्ण्यावर लावायच्या, हे मी सासूबाईंना विचारले. त्यांनी बऱ्याच लावू दिल्या. सासुरवासाच्या काही ओव्या मात्र लावू दिल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या माझ्या आणि जात्याच्या.” त्या मी वेगळ्या ठेवल्या आहेत आणि कोणाला ऐकवणार नाही. हा नियम आपण सगळ्यांनी पाळावा असे मला वाटते. म्हातारीने विश्वासाने म्हटलेले फोनवर गावभर फिरवू नये. ज्या म्हटल्या त्यांना विचारावे, आणि ओवीबरोबर त्यांचे नाव लिहून ठेवावे. आजवर ओवीला नाव नव्हते. आता संगणकात तेवढी जागा आहे.

गेल्या दिवाळीपासून सासूबाईंना दम पुरत नाही. जात्यावर बसता येत नाही. खुंटा भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्यांच्या एकंदर एकशे बेचाळीस ओव्या माझ्याकडे आहेत. तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर डब्यात, एक मुलाकडे चाकणला. भावाच्या ओव्या त्यांत नाहीत. ती फाटलेली फाइल मी पुसली नाही. कधी कधी लावते. खरखरीच्या आत कुठेतरी शब्द आहेत, एखादा कळतो, बाकीचे कळत नाहीत.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. दर वर्षी वर्धापनदिनाला आपण भाड्याने साउंड आणतो. एक वर्ष ते पैसे वाचवून एक बरा माइक आणि कानाला लावायचे हेडफोन घ्यावे. आपल्या निमगावात ऐंशीच्या आसपासच्या किती माऊल्या आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी मनाशी मोजल्या तर सोळा झाल्या. जाते आमच्या घरी आहे. लॅपटॉप जुना आहे पण चालतो. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी मोकळी असते. ज्या बहिणींना शिकायचे असेल त्यांनी यावे. येताना आपल्या घरच्या म्हातारीला हाताला धरून आणावे, आणि मूठभर ज्वारीही आणावी. रिकामे जाते ओढले तर ओवी येत नाही, आणि पाळीही झिजते.

आवाजाच्या पट्टीकडे लक्ष ठेवायला एकजण वेगळी बसवू. ते काम मी कोणालाच रडत रडत करू देणार नाही.